एकच गोळी, वेगवेगळे जीव : सांधेदुखीच्या औषधाचा इतिहास आणि आपला म्हातारा कुत्रा

"डॉक्टर, मी रोज घेते ती गुडघ्याची गोळी अर्धी करून आमच्या कुत्र्याला दिली तर चालेल का? तोही आता माझ्यासारखाच उठताना कण्हतो."

हा प्रश्न मला दवाखान्यात बऱ्याचदा विचारला जातो. उपनगरांतल्या इमारतींमध्ये गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कुत्री पाळणारी घरं वाढली आणि ती कुत्रीही आता घरातल्या माणसांबरोबर म्हातारी होत आहेत. घरात औषधांचा डबा असतो, त्यात अर्धवट वापरलेल्या स्ट्रिप्स असतात आणि समोर लंगडणारा मुका जीव असतो. गोळी द्यावीशी वाटणं अगदी साहजिक आहे.

मी माणसांचा डॉक्टर आहे, प्राण्यांचा नाही. त्यामुळे माझं उत्तर एका शब्दाचं असतं: नाही. पण नुसतं 'नाही' ऐकून माणसाचं समाधान होत नाही. "कुत्रा लहान आहे, म्हणून तर अर्धी देते," असा पुढचा मुद्दा येतो. या मुद्द्यात जी चूक आहे ती समजून घ्यायची असेल, तर सांधेदुखीच्या औषधांचा इतिहास पाहावा लागतो. त्या इतिहासाचा एक मोठा आणि दुःखद भाग आपल्या मुंबईशी जोडलेला आहे.

झाडाच्या सालीपासून सुरुवात

वेदना आणि ताप यांवर विलो नावाच्या झाडाची साल वापरण्याची पद्धत फार जुनी आहे. तिची पद्धतशीर नोंद केली ती इंग्लंडमधल्या एडवर्ड स्टोन या धर्मोपदेशकाने. वाळवलेल्या सालीची पूड त्याने सुमारे ५० तापकऱ्यांना दिली आणि १७६३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने आपले अनुभव कळवले. पुढच्या शतकात या सालीतला गुणकारी अंश वेगळा करण्यात आला. १८७६ च्या सुमारास स्कॉटलंड आणि जर्मनीतल्या डॉक्टरांनी सांधे सुजलेल्या तापाच्या रुग्णांवर तो वापरला आणि सांधे उतरलेले पाहिले.

अडचण एकच होती. हे औषध पोटाला फार झोंबायचं. १८९७ साली जर्मनीतल्या बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने त्याचं थोडं सौम्य रूप शुद्ध स्वरूपात तयार केलं. १८९९ पासून ते 'ॲस्पिरिन' या नावाने जगभर विकलं जाऊ लागलं. पुढे याच कुळात फिनाइलब्युटाझोन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नेप्रॉक्सेन अशी एकेक औषधं येत गेली. यांना आम्ही 'स्टिरॉइड नसलेली, सूज उतरवणारी वेदनाशामकं' म्हणतो. तुमच्या डब्यातली गुडघेदुखीची गोळी बहुधा याच कुळातली असते.

गंमत अशी की ही औषधं नेमकी कशी काम करतात, हे ॲस्पिरिन बाजारात येऊन सत्तर वर्षं होईपर्यंत कोणालाच माहीत नव्हतं. १९७१ साली इंग्लंडमधल्या जॉन वेन यांनी ते दाखवून दिलं आणि त्यासाठी १९८२ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. सांध्याला इजा झाली की तीच सूज आणि दुखणं वाढवतात. ही औषधं त्या रसायनांची निर्मिती रोखतात, म्हणून दुखणं कमी होतं.

पण हीच रसायनं जठराच्या अस्तराचं आम्लापासून रक्षणही करतात. शरीरातलं पाणी किंवा रक्तदाब कमी झाला की मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा टिकवण्याचं कामही त्यांचंच. म्हणजे ज्या कारणाने गुडघा शांत होतो, त्याच कारणाने जठराला जखम होऊ शकते आणि मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. फायदा आणि तोटा वेगळे काढता येत नाहीत. प्रश्न एवढाच उरतो की कोणाच्या शरीरात, किती औषध, किती वेळ राहतं.

मुंबई, कुत्री आणि परळचा दवाखाना

मुंबईचं आणि कुत्र्यांचं नातं जुनं आहे आणि ते कधीच एकसुरी नव्हतं. १८३२ च्या जून महिन्यात या शहरात कुत्र्यांवरून दंगल झाली. उन्हाळ्यात भटकी कुत्री मारण्याची मोहीम कंपनी सरकार चालवत असे. मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस मिळत असल्याने पाळलेली कुत्रीही घरातून ओढून नेली जाऊ लागली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि इतर समाजही त्याला सामील झाले. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे. माणूस गेल्यावर त्याच्या देहाला कुत्र्याची नजर दाखवण्याचा विधी आहे, त्याला 'सगदीद' म्हणतात. त्यानंतर देह दोखम्यात ठेवला जाई आणि गिधाडं तो संपवत. कुत्रा आणि गिधाड हे दोन्ही जीव एकाच अंत्यविधीत होते, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

१८७४ साली मुंबईत प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणारी संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी शहरात घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या. घोडे आणि बैल हीच तेव्हाची वाहतूक होती आणि लंगडं जनावर रस्त्यावर रोज दिसायचं. गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून १८८३ साली परळला प्राण्यांचं रुग्णालय उभं राहिलं. ते त्यांच्या पत्नीच्या नावाने बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय म्हणून ओळखलं जातं आणि आजही चालू आहे. १८८६ साली त्याच आवारात मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं.

त्या काळचं पशुवैद्यक प्रामुख्याने कामाच्या जनावरांसाठी होतं, कारण घोडा लंगडला तर रोजी बुडत असे. घरातला कुत्रा मात्र लंगडला की "वय झालं" म्हणून विषय संपायचा. कुत्र्याच्या खुब्याच्या सांध्यातला जन्मजात दोष पहिल्यांदा नीट वर्णन केला गेला तो १९३५ साली, अमेरिकेत. आज लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर अशा मोठ्या जातींमध्ये हा दोष नेहमी आढळतो आणि पुढे त्यातूनच सांध्याची झीज सुरू होते. ही झीज आपल्या गुडघ्यांसारखीच असते: कूर्चा विरळ होते, हाडाच्या कडा वाढतात, सांधा आखडतो.

आजार सारखा आहे म्हटल्यावर औषधही सारखंच वापरलं गेलं. कुत्र्यांना अनेक दशकं माणसांचं ॲस्पिरिन आणि फिनाइलब्युटाझोन दिलं जात असे. काहींना बरं वाटायचं, काहींना रक्ताच्या उलट्या व्हायच्या. कुत्र्यासाठी म्हणून तपासलेलं औषधच नव्हतं.

अर्धी गोळी म्हणजे अर्धा डोस नव्हे

आता सुरुवातीच्या मुद्द्याकडे येऊ. "कुत्रा लहान, म्हणून अर्धी गोळी" या हिशोबात आपण गृहीत धरतो की कुत्रा म्हणजे छोटा माणूस. तसं नसतं. औषध शरीरातून बाहेर टाकण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात आणि प्रत्येक प्राण्यात ही यंत्रणा वेगळी असते.

एक उदाहरण घ्या. नेप्रॉक्सेन माणसाच्या रक्तात निम्म्यावर यायला साधारण १२ ते १७ तास लागतात. कुत्र्यात यालाच तीन दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो, कारण पित्तावाटे आतड्यात गेलेलं औषध पुन्हा पुन्हा रक्तात शोषलं जातं. तुम्ही रोज अर्धी गोळी देत राहिलात, तर कालची संपायच्या आत आजची पडते आणि साठा वाढत जातो. दोन दिवस कुत्रा छान पळतो, मालक खूश होतो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी काळी, डांबरासारखी शी दिसते. ते जठरातलं रक्त असतं.

आयबुप्रोफेनचंही तसंच आहे. आपल्याकडे ते इतकं सर्रास घेतलं जातं की त्याची भीतीच राहिलेली नाही. कुत्र्यात मात्र उपयोगी डोस आणि घातक डोस यांतलं अंतर फारच कमी आहे. जास्त प्रमाणात गेलं तर जठराला छिद्र पडू शकतं आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

मेलॉक्सिकॅम हे औषध माणसं आणि कुत्री दोघंही घेतात. म्हणजे इथे तरी अर्धी गोळी चालावी? हिशोब करून पाहा. माणसाची लहान गोळी साडेसात मिलिग्रॅमची असते. दहा किलोच्या कुत्र्याला पशुवैद्य रोजच्यासाठी साधारण एक मिलिग्रॅमच्या आसपास डोस ठरवतात. अर्धी गोळी म्हणजे जवळजवळ चौपट.

घरात मांजर असेल तर आणखी सावध राहा. आपण निर्धास्तपणे घेतो ती पॅरासिटामॉलची एकच गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निष्प्रभ करणारी यकृतातली एक महत्त्वाची यंत्रणा मांजरात जवळजवळ नसतेच.

डुंगरवाडीवरचं रिकामं आकाश

एका प्राण्याचं औषध दुसऱ्यासाठी विष ठरू शकतं, याचा जगातला सर्वांत मोठा पुरावा आपल्याच देशात घडला.

डायक्लोफिनॅक सत्तरच्या दशकात माणसांच्या सांधेदुखीसाठी बाजारात आलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला भारतात ते गुरांसाठीही स्वस्तात मिळू लागलं. सुजलेली कास, लंगडणारा पाय, ताप, काहीही असो, एक इंजेक्शन दिलं की गाय उभी राहायची. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे वरदानच होतं आणि गाईला त्याचा खास त्रासही होत नव्हता.

त्याच काळात गिधाडं दिसेनाशी होऊ लागली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही आपल्या मुंबईची संस्था, पेटिट रुग्णालयाच्याच वर्षी म्हणजे १८८३ साली स्थापन झालेली. तिचे शास्त्रज्ञ विभू प्रकाश राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात गिधाडांची घरटी मोजत होते. दहा वर्षांत तिथल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९५ टक्क्यांहून अधिक घटल्याचं त्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलं. पुढच्या पाहणीत देशभरातला आकडा समोर आला: १९९२ ते २००७ या काळात ही जात ९९.९ टक्के संपली होती. हजारातलं एक गिधाड उरलं.

सुरुवातीला विषाणूचा संशय होता. मेलेल्या पक्ष्यांचं शवविच्छेदन केल्यावर त्यांच्या आतल्या अवयवांवर पांढरा, खडूसारखा थर दिसायचा. तो युरिक ॲसिडचा होता. वाचकांपैकी ज्यांना 'गाउट'चा त्रास आहे, त्यांना हे नाव ओळखीचं वाटेल. माणसात युरिक ॲसिड पायाच्या अंगठ्याच्या सांध्यात साठतं आणि रात्रीची झोप उडवतं. गिधाडात मूत्रपिंडं बंद पडल्यावर ते हृदयावर, यकृतावर, सगळीकडे साठत होतं.

पाकिस्तानात काम करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्य लिंडसे ओक्स यांच्या गटाने वेगळा विचार केला. गिधाडं जे खातात त्या गुरांना कोणतं औषध दिलं जातं, जे मूत्रपिंडाला घातक आहे? शोध डायक्लोफिनॅकपाशी पोहोचला. मूत्रपिंडं बिघडून मेलेली जेवढी गिधाडं त्यांनी तपासली, त्या सर्वांमध्ये या औषधाचा अंश होता. इतर कारणांनी मेलेल्यांत एकातही नव्हता. २००४ च्या सुरुवातीला हे संशोधन प्रसिद्ध झालं.

प्रमाण किती होतं ते पाहा. गिधाडाला किलोमागे पाव मिलिग्रॅमहूनही कमी डायक्लोफिनॅक जीवघेणं ठरतं. म्हणजे पाच किलोच्या पक्ष्याला साधारण एक मिलिग्रॅम, आपल्या ५० मिलिग्रॅमच्या गोळीचा पन्नासावा भाग. औषध दिल्यावर दोन-तीन दिवसांत गाय मेली आणि तिचं शव उघड्यावर पडलं, तर त्यावर जमलेला थवाच्या थवा संपत असे. शंभरातलं एखादं शव असं असलं तरी गिधाडं नामशेष व्हायला ते पुरेसं होतं.

मलबार हिलवर डुंगरवाडीच्या दाट झाडीत पारशी समाजाचे दोखमे आहेत. तिथलं आकाश रिकामं झालं. शतकानुशतकं चालत आलेला विधी अडला आणि देहाच्या विघटनासाठी सूर्याची उष्णता एकवटणारे परावर्तक बसवावे लागले. ज्या समाजातल्या एका कुटुंबाने मुंबईच्या मुक्या जनावरांसाठी दवाखाना बांधून दिला, त्याच समाजाच्या अंत्यविधीवर जनावरांच्या वेदनाशामकाचा असा घाला पडावा, हा योगायोग मनाला चटका लावतो. यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता. गाईचं दुखणं कमी करायचं होतं, एवढंच.

परिणाम इथेच थांबले नाहीत. गुरांची शवं पडून राहू लागली आणि त्यांवर भटक्या कुत्र्यांची संख्या वाढली. कुत्रा चावणं आणि रेबीज यांचा धोका वाढला, पाणी दूषित झालं. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाचा अंदाज असा की गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे ५ लाख अधिक माणसं दगावली. सगदीदमधला कुत्रा आणि दोखम्यावरचं गिधाड यांच्यातला समतोल एका इंजेक्शनने ढळला.

बंदी, पळवाटा आणि पुन्हा बंदी

२००६ साली भारत सरकारने प्राण्यांसाठी डायक्लोफिनॅक बनवण्यास मनाई केली आणि २००८ साली त्याची राजपत्रात अधिसूचना निघाली. त्याच सुमारास मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित असल्याचं प्रयोगांनी दाखवलं होतं, त्यामुळे पशुवैद्यांना पर्याय मिळाला. पण माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचल्या जात राहिल्या. अखेर २०१५ साली माणसांसाठीचं हे इंजेक्शन ३ मिलिलिटरच्या, एका वेळच्याच कुपीत विकावं असा नियम झाला. तुम्हाला दवाखान्यात मिळणारी ती छोटी कुपी छोटी का आहे, त्यामागे गिधाडाचं कारण आहे.

मग लक्षात आलं की ॲसिक्लोफिनॅक हे औषध जनावराच्या शरीरात गेल्यावर त्याचंच डायक्लोफिनॅक बनतं. ते आणि किटोप्रोफेन २०२३ साली प्राण्यांसाठी बंद झाले. २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइडवरही प्राण्यांसाठी बंदी आली. माणसांत निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना देण्यास २०११ पासूनच मनाई आहे. गिधाडांची पैदास हरियाणात पिंजोरला २००४ पासून चालू आहे. तिथली काही गिधाडं २०२४ साली महाराष्ट्रात पेंच आणि ताडोबा इथे आणली गेली. औषध एका दिवसात बाजारात येतं, पक्षी परत यायला पिढ्या लागतात.

कुत्र्याला स्वतःचं औषध मिळालं

इकडे कुत्र्यांच्या बाबतीत काय झालं? कारप्रोफेन नावाचं औषध आधी काही वर्षं माणसांसाठी वापरलं गेलं आणि मागे पडलं. १९९६ साली अमेरिकेत त्याला कुत्र्यांच्या सांधेदुखीसाठी मंजुरी मिळाली. जिना न चढणारे कुत्रे पुन्हा चढू लागले आणि मालकांना चमत्कार वाटला.

वर्ष-दीड वर्षातच काही कुत्र्यांचं यकृत बिघडल्याच्या तक्रारी आल्या. १९९८ साली अशा २१ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातले १३ लॅब्रेडॉर होते. औषध वाईट होतं असं नाही, ते आजही वापरात आहे. चुकत होतं ते वेगळंच. औषध देणाऱ्या घराला धोक्याची लक्षणं कोणी सांगितली नव्हती. भूक मंदावली, उलट्या झाल्या, तरी "बरं वाटावं म्हणून" गोळी चालूच ठेवली जात होती. त्यातून अमेरिकेत अशा औषधांबरोबर मालकासाठी माहितीपत्रक देण्याची पद्धत आली.

२००४ साली माणसांचं रोफेकॉक्सिब हे गाजलेलं औषध हृदयविकाराच्या धोक्यामुळे जगभरातून मागे घ्यावं लागलं. पण त्याच गटातली दुसरी काही औषधं खास कुत्र्यांसाठी तपासली गेली आणि ती पशुवैद्य आजही वापरतात. माणसाच्या हृदयाच्या धमन्या जशा चरबीने अरुंद होतात, तशा कुत्र्यांच्या क्वचितच होतात. म्हणजे उलट दिशेनेही तेच सत्य: माणसाला नको ते कुत्र्याला चालू शकतं. अलीकडे महिन्यातून एकदा टोचायचं वेदनारोधक प्रतिपिंडाचं इंजेक्शनही आलं. २०२३ साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली आणि पुढच्याच वर्षी काही कुत्र्यांमधल्या दुष्परिणामांबद्दल तिथल्या औषध प्रशासनाने पशुवैद्यांना सावध केलं. नवं म्हणजे निर्धोक, असं इतिहासात कधीच झालेलं नाही.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा अभ्यास औषधाचा नाहीच. अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉर पिल्लांच्या जोड्या लावून त्यांना जन्मभर पाहिलं गेलं. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं. २००२ साली निष्कर्ष आले. कमी खाणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान १३ वर्षं, जास्त खाणाऱ्यांचं ११.२ वर्षं. सांधेदुखीच्या उपचाराची गरजही कमी खाणाऱ्यांना सुमारे तीन वर्षं उशिरा पडली. कोणतीही गोळी तीन वर्षं देऊ शकत नाही. आपल्याकडे मात्र चहाबरोबर बिस्किट, जेवताना पोळीचा तुकडा, रात्री उरलेला भात, असे प्रेमाचे पाच-सहा घास रोज होतात.

मग घरी काय करायचं?

इतिहासातून निघालेली काही साधी पथ्यं सांगतो.

दुखणं ओळखा. कुत्रा सहसा रडत नाही. झोपेतून उठताना वेळ लागणं, सोफ्यावर उडी न मारणं, जिन्यात थांबणं, फिरायला मागे राहणं, एकच सांधा सारखा चाटणं, हात लावल्यावर गुरगुरणं, ही त्याची भाषा आहे. "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका, वय हा आजार नाही.

• पशुवैद्याकडे न्या आणि घरातलं कोणतं औषध आधीच दिलं असेल तर ते न लपवता सांगा. दोन वेदनाशामकं एकत्र, किंवा वेदनाशामक आणि स्टिरॉइड एकत्र, हे फार धोक्याचं असतं.

• दीर्घकाळ औषध द्यायचं असेल तर आधी आणि मधूनमधून यकृत-मूत्रपिंडांच्या रक्ततपासण्या कराव्या लागतात. तो खर्च टाळू नका.

• औषध चालू असताना खाणं सोडलं, उलट्या, जुलाब, काळी शी, खूप तहान, डोळे पिवळे किंवा मलूलपणा दिसला, तर पुढचा डोस देऊ नका आणि त्याच दिवशी पशुवैद्याला फोन करा.

• चुकून तुमची गोळी खाल्ली तर लक्षणांची वाट पाहू नका. स्ट्रिप हातात घेऊन लगेच निघा. घरी मीठ-पाणी पाजून उलटी काढण्याचा प्रयत्न करू नका.

• गुडघ्याला जेल लावून बसलात आणि कुत्र्या-मांजराने ते चाटलं, तर तेही औषध पोटात जातं. अमेरिकेत अशा मलमामुळे मांजरं दगावल्यावर २०१५ साली सरकारी इशारा द्यावा लागला. जेल लावल्यावर तो भाग झाका आणि हात धुवा.

• वजन उतरवा. गुळगुळीत टाइल्सवर सतरंजी किंवा रबरी चटई घाला, नखं वेळेवर कापा. रविवारी दोन तास पळवण्यापेक्षा रोज थोडं थोडं, बेताने चालवा. लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहत असाल तर जिन्याच्या खेपा कमी करा.

आणि हे वाचताना स्वतःच्या डब्याकडेही एकदा पाहा. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे, मधुमेह असलेले, साठी ओलांडलेले कितीतरी लोक शेजाऱ्याने सुचवलेली गुडघ्याची गोळी महिनोन् महिने घेत असतात. शेजाऱ्याची मूत्रपिंडं वेगळी, तुमची वेगळी. गाय आणि गिधाड यांच्यात जेवढं अंतर आहे तेवढं दोन माणसांत नसतं हे खरं, पण ते अगदीच नसतं असंही नाही. तुमची गोळी तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या, कुत्र्याची गोळी त्याच्या डॉक्टरांना विचारून द्या आणि दोन्हींचे डबे वेगवेगळ्या कपाटात ठेवा.

(हा लेख माहितीसाठी आहे. लेखातले डोस तुलनेसाठी दिले आहेत, त्यावरून घरी उपचार करू नयेत.)